झाकलेल्या वाट्या

मांडवकरांच्या घरी डोहाळजेवणाला पेढा-बर्फीचा खेळ होत नाही, हे खारवलीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. इतर घरी ओटी भरून झाली की दोन वाट्या पालथ्या घालतात. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पोटुशी बाई ज्या वाटीला हात लावेल त्यावरून मुलगा की मुलगी अशी थट्टा चालते. तेजस्वी गंगाच्या पोटात होती तेव्हा गंगाची नणंद सावित्री नुकतीच नर्स होऊन आली होती. तिने भर बायकांत दोन्ही वाट्या उचलल्या, पेढाही वहिनीच्या तोंडात कोंबला आणि बर्फीही. "पोटातल्याचं नशीब वाटीखाली ठेवायचं नाय," असं तिने बजावलं आणि खेळ कायमचा बंद झाला. सावित्रीने एकदा नाही म्हटलं की ते नाहीच. हा ताठा मांडवकरांच्या रक्तातलाच, तिच्यात जरा जास्त उतरला होता.

आज त्याच तेजस्वीचं डोहाळजेवण होतं, आणि आज त्या घरात पुन्हा दोन वाट्या पालथ्या पडायच्या होत्या. सकाळी कोणी तसं सांगितलं असतं तर सावित्री आलीच नसती.

ती तशीही येईल की नाही याची गंगाला धाकधूक होती. फाट्यावर गंगाच्या लेकाचा, डॉक्टर हर्षदचा दवाखाना उघडला त्या दिवसापासून आत्या आणि भाचा एका पंगतीला बसले नव्हते. दोन पावसाळे गेले. गणपतीत हर्षद आरतीला यायचा आणि सावित्री विसर्जनाला. मध्ये गंगा दोघांना वेगवेगळे मोदक वाढायची.

"वन्सं, आज तेवढं जमवून घ्या," स्वयंपाकघरात ओल्या काजूची उसळ ढवळता ढवळता गंगा म्हणाली. "पोरीचा दिवस हाय."

"मी काय भांडायला आलेय?" सावित्रीने पदर खोचला आणि न सांगता नारळ खवायला बसली. "माझ्या भाचीची ओटी भरायला आलेय. आणि तिला सांगायला आलेय की बॅग भरून ठेव. खाट मी खिडकीजवळची ठेवलेय."

गंगाने उसळ जरा जास्तच ढवळली. कारण हर्षदनेही बहिणीसाठी खोली ठेवली होती. तीही खिडकीजवळची.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे तेजस्वीच्या सासरच्यांचा काही प्रश्न नव्हता. तिचा नवरा सागर मुंबईला नोकरीत, तो फोनवर "तुम्ही ठरवाल तसं" म्हणून मोकळा झाला होता. प्रश्न मांडवकरांचाच होता. एका घरात दोन दवाखाने असले की बाळाने कुठे जन्मायचं? मांडवकरांच्या ओटीवर उभं राहिलं की दोन्ही दिसत. खाली गावात सरकारी ग्रामीण रुग्णालय, जिथे सावित्री प्रसूती विभागाची इनचार्ज सिस्टर होती. वर फाट्यावर हर्षदचा नवा कोरा दवाखाना. दोन्ही इमारतींचा जांभ्याचा चिरा एकाच खाणीतला, मांडवकरांच्या. सरकारी दवाखाना बांधायचा होता तेव्हा सावित्रीच्या आजोबांनी, आप्पांच्या वडिलांनी, खाण गावाला मोकळी करून दिली होती आणि घराघरातल्या माणसांनी डोक्यावरून चिरे वाहिले होते. फाट्यावरच्या दवाखान्याचे चिरे गंगाच्या नवऱ्याने, भागोजीने, लेकासाठी स्वतः उभं राहून निवडून दिले होते.

बाकीच्या गावाच्या दृष्टीने हा सणासुदीचा विषय होता. सावित्रीच्या दृष्टीने तो विभागाच्या जिवाचा होता. बाळंतपणं कमी होत चालली म्हणून वरच्या ऑफिसातून विचारणा झाली होती, प्रसूती विभाग ठेवायचा की चिपळूणला जोडून टाकायचा. अशा वेळी इनचार्ज सिस्टरची स्वतःची भाची फाट्यावर बाळंत झाली तर बाकीच्या बायकांनी कशाला यावं? तिला तेजस्वी हवी होती, हे तिने कोणाला उघड सांगितलं नव्हतं, आणि न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

ओटी भरली गेली. हिरवी साडी, अबोलीचा मुकुट, मोगऱ्याचे बाजूबंद. खाडीपलीकडून इशरत हिरव्या बांगड्या घेऊन आली होती, तिची मुलगी आयात सोबत. इशरतने स्वतःच्या हाताने तेजस्वीला बांगड्या भरल्या आणि तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटली. तेजस्वी इतकी देखणी दिसत होती की भागोजी, ज्याने खाणीत उभं आयुष्य काढलं आणि कोणाला कधी गोड शब्द बोलला नाही, तो दाराआडून बघून डोळे पुसत निघून गेला.

मग पंगत बसली, आणि हर्षद आला.

हर्षदने ठरवलं होतं की आज काही बोलायचं नाही. तो आप्पांच्या शेजारी पाटावर बसला, समोर आत्या वाढत होती. तिने त्याच्या पानात घावणे वाढले, दोन नव्हे, त्याला लहानपणापासून लागायचे तसे चार. ह्याच बाईने त्याला बारावीला पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं होतं. सरकारी मेडिकल कॉलेजात नाव लागलं तेव्हा हिने रात्रपाळी संपवून अख्ख्या गावात पेढे वाटले होते.

सुरुवात आप्पांनी केली. एसटीत ड्रायव्हर म्हणून जन्म गेलेला हा म्हातारा, युनियनच्या सभांतून शिकलेले शब्द अजून खिशात घेऊन फिरायचा.

"काय रे हर्षा, तुझी भांडवलशाही कशी चाललेय?"

"बरी चाललेय आप्पा. तुमचा समाजवाद कसा आहे?"

"माझा समाजवाद रिटायर झाला. पण चालवला तेव्हा सरळ चालवला. शेवटच्या वाडीत एकच म्हातारी उतरायची. एका म्हातारीसाठी डिझेल कशाला जाळायचं, असं एसटीने कधी मला विचारलं नाय. ती तिकीट काढते, म्हणजे तिला घरापर्यंत न्यायची. बस."

"आणि आता ती गाडी येते का आप्पा, शेवटच्या वाडीत?"

आप्पा गप्प झाले. गाडी बंद होऊन बरेच दिवस झाले होते. आता तिथे खाजगी वडापची जीप भरली की सुटे.

"म्हाताऱ्या माणसाला गप्प केलंस, मोठा पराक्रम केलास," सावित्री हातातला भाताचा वाडगा घेऊन तिथेच थांबली.

"मी खरं ते बोललो, आत्ये."

"मग मीही बोलते. गाडी बंद झाली ती एसटी वाईट म्हणून नाही. चालवणारी माणसं निघून गेली म्हणून. आमच्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. का रिकामी आहे सांगू? ती तुझी जागा आहे. तू उठून गेलास."

पंगत थबकली. ताटात हात तसेच राहिले. गंगा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मनातल्या मनात म्हणत होती, जल्लं मेलं, शिरवाळे तरी वाढून होऊ द्यायचे होते.

"उठून गेलो?" हर्षदने पानातला हात काढून घेतला. "सरकारी नोकरीचा बॉण्ड पुरा केला मी, आणि वर राहिलो. भूल द्यायचं यंत्र प्लॅस्टिकात गुंडाळलेलं होतं, कारण भूल देणारा नव्हता. प्रत्येक अडलेली बाई मी तपासायची आणि अँब्युलन्समध्ये घालायची. मी डॉक्टर झालो की एसटीचा कंट्रोलर? इशरतचाचीला विचार."

सगळ्यांनी इशरतकडे पाहिलं. तिची आयात, आता शाळेत जाणारी, आईला टेकून पापड खात होती. आयात चिपळूणच्या वाटेवर, घाटातल्या वळणावर, अँब्युलन्समध्ये जन्मली होती. सावित्री सोबत होती. हर्षद मागे राहिला होता, कारण विभागात कळा येणारी दुसरी बाई होती.

ह्या एका जन्मावरून दोघांचे रस्ते फुटले होते. सावित्री ती हकिगत छाती फुगवून सांगायची. गाडी थांबवली, मोबाईलच्या उजेडात पोरगी हातात घेतली, रडली नाही तेव्हा पाठ चोळून रडवली. हर्षद ती हकिगत कोणाला सांगत नसे. त्याच्या मनात फक्त एवढंच होतं की त्या बाईला घाटात पाठवायच्या कागदावर सही करणारा आपण. त्यानंतर त्याने राजीनामा दिला आणि बापाकडे चिरे मागितले.

"मना कशाला मधी घालतास," इशरत म्हणाली. मग पोरीच्या केसांवरून हात फिरवत बोलली. "पण विचारलास म्हणून सांगतंय. सावित्रीबाय नसती तर ही नसती, हे अल्ला जाणतो. आणि त्या गाडीत मी जी भ्याले, तशी दुश्मनाच्या घरची बाईसुद्धा भिऊ नये. दोन्ही खरं हाय."

"बघ," हर्षद म्हणाला.

"बघ काय बघ?" सावित्री उसळली. "तुझ्या दवाखान्यात गरिबाला परत पाठवत नाहीस, हे मला माहीत आहे. चांगलं आहे. माझाच भाचा आहेस. पण ते तुझ्या मनावर आहे रे. उद्या तुझं मन फिरलं, तुझे भागीदार बदलले, तर? माझ्या दारात आलेल्या बाईला कोणाचं मन बघावं लागत नाही. ती हक्काने येते."

"हो, हक्काने येते. आणि तू तिला हक्काने चिपळूणला पाठवतेस."

हे फार लागलं. सावित्रीने हातातला वाडगा हळूच खाली ठेवला. आदळला असता तर बरं झालं असतं, असं गंगाला वाटलं.

"यंत्राचं प्लॅस्टिक काढलंय," सावित्री म्हणाली. आवाज खाली आला होता. "मी ते रोज पुसते. सगळं तयार आहे. चालवणारा नाही."

"चालवणारा येतो म्हणाला होता," हर्षद म्हणाला. "दवाखाना उघडला त्याच आठवड्यात तुमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो मी. म्हटलं, बोलवाल तेव्हा येतो, माझा भूलवाला डॉक्टर घेऊन येतो. सरकारचीच सोय आहे ना तशी, बाहेरचा डॉक्टर बोलवायची. त्यांनी तुला विचारलं. तू काय सांगितलंस, आत्ये? सांग सगळ्यांना."

सावित्रीने काय सांगितलं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणाली होती, आमच्या विभागात दुकानदार नको. हर्षदच्या कानावर ते संध्याकाळपर्यंत गेलं होतं. तिने पुन्हा बोलावलं नाही, त्याने पुन्हा विचारलं नाही. मांडवकरच दोघेही.

"पुरे," आप्पा म्हणाले.

ते उठले, हात धुतले आणि देवघराच्या फडताळातून दोन वाट्या घेऊन आले. पाठ वळवून काहीतरी खुडबुड केली आणि तेजस्वीच्या पाटासमोर दोन्ही वाट्या पालथ्या घातल्या.

"एकीखाली सरकारी रक्तवाढीची गोळी हाय, तेजूच्याच पाकिटातली. दुसरीखाली हर्षाच्या दवाखान्याची चावीची साखळी हाय, उद्घाटनाला वाटली व्हती ती. पोरीनं हात लावायचा. जे निघंल तिथं बाळंतपण. मग कोणी कोणाला बोलायचं नाय. मी म्हातारा झालो, मना आता तुमची भांडणं पचत नाय."

बायका खुदकन हसल्या. वातावरण निवळलं असं वाटून दोघीचौघी पुढेही सरकल्या. इतक्या वर्षांनी मांडवकरांकडे वाट्या! कोणीतरी तेजस्वीला कोपराने ढोसलं. गंगाच्या मनात आलं, काहीही निघो, पण निघो एकदाचं. तिला लेकही हवा होता आणि नणंदही, आणि दोघांपैकी एकाला जिंकवून दुसऱ्याला घरी कसं आणायचं ते तिला कळत नव्हतं.

तेजस्वीने हात पुढे केला. हिरव्या बांगड्या किणकिणल्या. तिने एक तळवा एका वाटीवर ठेवला, दुसरा दुसरीवर, आणि दोन्ही तशाच दाबून धरल्या.

तिला आत्याचा हात माहीत होता. खोबरेल आणि डेटॉलचा वास येणारा, ताप बघताना कपाळावर थंडगार लागणारा. तिला दादाचं हसणंही माहीत होतं, आणि अलीकडे ते हसणं फाट्यावरच्या त्या गुळगुळीत फरशीत कुठेतरी हरवतं, हेही. दोघं तिच्यावरून भांडत होती आणि तिला कोणीच विचारलं नव्हतं. राग तिला आला होता. पण त्याहून जास्त तिला ह्या दोघांचा अभिमान वाटत होता, इतका की रडू येईल असं वाटलं. कुठल्या घरात अशी भांडणं होतात? बाकीची घरं बांधावरून भांडतात.

"आत्ये," ती म्हणाली, "ह्या घरात वाट्या कोणी बंद केल्या?"

सावित्रीने खाली ठेवलेला वाडगा पुन्हा उचलला.

"पोटातल्याचं नशीब वाटीखाली ठेवायचं नाय, असं तू म्हणालीस. माझंच नशीब होतं ते. आई अजून सांगते मला. मग आता माझ्या पोरासाठी का ठेवू देतेस?"

"मी नाही ठेवल्या. आप्पांनी ठेवल्या."

"आप्पांनी ठेवल्या कारण तुम्ही दोघांनी त्यांना दुसरं काही ठेवलं नाहीत." तिने वाट्या न उघडता बाजूला सारल्या. "मी ठरवलंय. मी खाली जाणार. आत्येच्या विभागात."

हर्षदचा चेहरा उतरला. तो हसून सावरायला गेला, पण बहिणीने त्याला तेवढाही वेळ दिला नाही.

"दादा, तुझी खोली छान आहे. मी बघितलेय. पण मी कुठेही गेले तरी माझं नीटच होणार. वर गेले तर डॉक्टरची बहीण, खाली गेले तर सिस्टरची भाची. मला दोन्हीकडे खिडकीजवळची खाट. माझ्यावरून भांडण्यात काय अर्थ आहे? माझ्या शेजारच्या खाटेवर कोण असेल तिचं बोला ना. तिचं अडलं तर तिला कोण बघणार?"

"तुझ्यासाठी मी येईन खाली," हर्षद म्हणाला. "तुला वाटलं काय मी येणार नाही?"

"माझ्यासाठी यायचं असेल तर येऊ नको." तेजस्वी म्हणाली. "शेजारच्या खाटेसाठी येणार असशील, तर ये. आणि आत्ये, तू फक्त माझ्यासाठी त्याला बोलावणार असशील, तर मी चिपळूणला जाईन. घाटातून जाईन. आयातसारखं होऊ दे माझ्या बाळाचं."

"गप गो!" गंगा किंचाळली. "असलं बोलू नये आजच्या दिवशी!"

पण बोलून झालं होतं. मांडवकरांच्या तिसऱ्या पिढीतही तो ताठा उतरला होता, आणि आप्पांनी तो ओळखला. म्हातारा मान खाली घालून मिशीत हसत होता.

हर्षद आत्याकडे बघत नव्हता, आत्या हर्षदकडे बघत नव्हती. कोणी पहिलं बोलायचं, एवढ्यावर ते अडलं होतं. गंगाने शिरवाळे आणले, नारळाचा रस आणला, वाढायला सुरुवात केली. काहीतरी करत राहावं म्हणून ती वाढत होती.

तेव्हा सावित्रीचा फोन वाजला.

रजेच्या दिवशी विभागातून फोन येणं नवीन नव्हतं. तिने पदराला हात पुसत तो घेतला आणि ऐकत गेली. बोलणं आखडत गेलं. "कधी आली? … ठोके? … परत मोज. … डोकं खाली येत नाही? कधीपासून?" मग बराच वेळ नुसतं ऐकलं. पलीकडची तरुण सिस्टर काय विचारते आहे ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं, कारण तेच नेहमी विचारलं जायचं. वेळणेश्वरकडची बाई आहे, पहिलटकरीण आहे, अडलीय. चिपळूणला पाठवू का?

सावित्रीने फोन कानापासून थोडा लांब धरला. आयुष्यभर तिने हजारो वेळा ह्या प्रश्नाला हो म्हटलं होतं, कारण दुसरं उत्तर हाताशी नव्हतं. गेली दोन वर्षं दुसरं उत्तर फाट्यावर उभं होतं, तिच्याच वडिलांच्या खाणीतल्या चिऱ्यांचं, आणि तिने त्याला दुकान म्हटलं होतं. तिला लाज वाटली. लाज आणि अभिमान एकाच वेळी छातीत आले की काय करावं हे माणसाला कळत नाही. ती दोन पावलं पुढे आली.

हर्षद तिचा हर्षा होता. लंगोटात होता तेव्हापासून हर्षा, कॉलेजात गेला तरी हर्षा, बॉण्डवर विभागात आला तेव्हाही, नर्सेससमोर, पेशंटसमोर, हर्षा. त्याचंही त्याला कधी कधी लागायचं, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर," सावित्री म्हणाली.

खोलीत कोणाला पहिल्यांदा कळलंच नाही, ती कोणाशी बोलतेय.

"डॉक्टर, विभागात पेशंट आहे. अडलीय. तुम्ही याल का?"

हर्षद उठला. पानात शिरवाळे तसेच होते. त्याने हात धुतले, अगदी कोपरापर्यंत, मोरीतल्या साध्या पाण्याने, जणू तिथूनच काम सुरू झालं होतं. फोन काढून आपल्या भूलवाल्या डॉक्टरला खाली सरकारी दवाखान्यात पोचायला सांगितलं. मग तो आत्यासमोर येऊन उभा राहिला.

"आलो, सिस्टर," तो म्हणाला.

सावित्रीने फोन कानाला लावला. "पाठवू नको तिला," ती म्हणाली. "टेबल तयार ठेव. आम्ही येतोय."

अंगणात हर्षदची गाडी सुरू झाली. सावित्री ह्या गाडीत कधी बसली नव्हती, बसणार नाही असं बोलून दाखवलं होतं. ती पुढच्या सीटवर बसली, पर्स मांडीवर घेऊन, ताठ. गाडी वर फाट्याकडे वळली नाही, खाली गावाकडे उतरली.

घरात तेजस्वीने दोन्ही वाट्या उलट्या केल्या. गोळी पाण्याबरोबर गिळून टाकली, कारण आजची राहिलीच होती. साखळी तिने आईच्या हातात दिली. गंगाने ती घराच्या किल्लीला अडकवली, पदराने चेहरा पुसला आणि दोन ताटं झाकून ठेवली. आप्पा ओटीवर जाऊन उभे राहिले होते, खाली बघत.

"दिवा लागला काय गो, ऑपरेशनच्या खोलीतला?" त्यांनी विचारलं. त्यांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

गंगा त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. भर दुपार होती, उन्हात सगळं पांढरं झालं होतं, आणि दिवा लागला की नाही ते तिलाही दिसत नव्हतं.

"लागला," ती म्हणाली.